करवलीच्या हाय हिल्सवर किती पैसे घालावेत?

बकुळफुल

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं लग्न डिसेंबरात आहे, नाशिकला. सकाळी लग्न कार्यालयात आणि संध्याकाळी रिसेप्शन गंगापूर रोडला एका लॉन्सवर. मी एकुलती एक करवली. साड्या झाल्या, ब्लाऊज शिवून आले, दागिने ठरले. घोडं अडलंय ते चपलांपाशी.

सकाळचा प्रश्नच नाही, मांडवात अनवाणीच. संध्याकाळी मात्र ऑर्गेंझाची साडी आहे. भाऊ सहा फुटी, होणारी वहिनी साडेपाच फूट आणि मी जेमतेम पाच फूट एक. हे फोटो पुढची कित्येक वर्षं दोन्ही घरांत भिंतीवर राहणार. त्यांत मला त्या दोघांच्या शेजारी जरा उंच दिसायचंय, म्हणून हिल्स हव्यातच. हिल्स घालूच नकोस असा सल्ला कृपया नको.

दोन शनिवार पुण्यात फिरले. एफसी रोडला ८५० रुपयांच्या सोनेरी, साडेतीन इंची पेन्सिल हिल्स पाहिल्या. इतक्या सुंदर की हातातून खाली ठेववेनात. लक्ष्मी रोडच्या एका दुकानात २,३०० ची ब्लॉक हिल, दिसायला जरा साधी. आणि मॉलमध्ये ६,९९० ची, आतून मऊ लेदर, पाय घातला आणि काढावासाच वाटेना. घरी येऊन किंमत सांगितली तर आई म्हणाली, "पायीची वहाण पायीच बरी. तिच्यावर सात हजार घालतात का कुणी?"

आईचं चुकत नाही. आमच्याकडे जूनमध्ये शाळेचे बूट यायचे ते एक माप मोठे, पुढे कापूस कोंबून, म्हणजे दोन वर्षं निघावीत. बाबांच्या चपलेचा अंगठा तीनतीनदा शिवलेला असायचा. आज माझा पगार चांगला आहे, तरी चपलेच्या दुकानात हात आखडतोच. एका संध्याकाळसाठी सात हजार मलाही पटत नाहीत, आणि ८५० च्या जोडीवर भरवसा बसत नाही.

तर किती घालणं रास्त? आणि किंमत वाढते तसं चपलेत नेमकं काय वाढतं, हे कुणी समजावून सांगेल का?

रोजची_आठ_चौदा

वरून साडी येणार. चपला दिसणार कुणाला? ८५० च्या घे आणि उरलेल्या पैशांत वहिनीसाठी छान काहीतरी आण.

केतकीवन

आठ_चौदा, नुसतं दिसण्यापुरतं असतं तर मीही हेच म्हटलं असतं.

पाच वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नाहून परतताना दादर स्टेशनचा पूल उतरत होते. पायात रस्त्यावरून घेतलेल्या सातशेच्या हिल्स. चौथ्या की पाचव्या पायरीला उजवी टाच मागे वळली आणि मी कठडा धरून कशीबशी वाचले. खाली बसून पाहिलं तर टाच सोलपासून उघडली होती. आत सुकून पिवळा पडलेला गोंद आणि दोनच बारीक खिळे, तेही वाकलेले. घोटा चांगलाच मुरगळला. एक्स-रे, क्रेप बँडेज, तीन आठवडे पाय उशीवर. सातशेची चप्पल मला किती हजारांना पडली ते तेव्हा कळलं.

बकुळ, आधी हे सांग. त्या संध्याकाळी तू किती तास उभी असशील? आणि पायाखाली काय असेल? गवत, गालिचा की स्टेजचं प्लायवूड? आकडा त्यावरून काढायचा. साडी केवढ्याची आहे यावरून नाही.

बकुळफुल

केतकी, वाचूनच घोटा दुखला गं.

सातला सुरू होईल, अकरापर्यंत चालेल. बसायला मिळणार नाही. नातेवाइकांना स्टेजवर नेणं, पाकिटं सांभाळणं, जेवणाकडे वळवणं, सगळं माझ्याकडे. गवतच सगळीकडे, फक्त रांगेच्या वाटेवर लाल गालिचा.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात. लग्नाच्या मोसमात सोमवारी पोटऱ्या आणि घोटे घेऊन बायका येतात, म्हणून लिहितेय.

टाच उंचावली की शरीराचा भार टाचेवरून चवड्यावर सरकतो. उंची वाढेल तसा तो आणखी पुढे जातो. त्यात चपलेचं टोक निमुळतं असलं की बोटं एकमेकांवर चढतात. वर्षानुवर्षं रोज घातलं तर पोटरीचे स्नायू आखडतात, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं, कुरुपं होतात. एक संध्याकाळ घातल्याने यातलं काही होत नाही. त्या संध्याकाळी सांभाळायचं ते घोट्याला.

उंचीबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. टाच साडेतीन इंच असेल आणि चवड्याखाली एक इंचाचा प्लॅटफॉर्म असेल, तर पायाला चढ फक्त अडीच इंचांचा पडतो. फोटोत मात्र साडेतीनच मिळतात. तुला उंचीच हवी आहे ना, मग ती अशी घे. प्लॅटफॉर्म एक इंचाच्या वर नको, कारण फार जाड झाला की जमिनीचा अंदाज येत नाही आणि पाय कलंडतो.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो, रिसेप्शनलाही तसाच असणार. जाण्याआधी वर्तमानपत्रावर उभं राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा पेन्सिलीने काढ. बसून नाही, उभ्यानेच, कारण भार पडला की पाऊल पसरतं. दुसऱ्या कुणाला काढायला सांग. तो कागद दुकानात ने आणि चप्पल त्यावर ठेव. पावलाची रेषा सोलच्या बाहेर बोटभर डोकावत असेल तर ती चप्पल सात हजारांची असो नाहीतर सत्तर हजारांची, तुझी नाही.

आरी_आणि_दाभण

आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत काकांचा गाळा आहे. शाळा सुटली की मी तिथेच सोल घासत बसायचो. आता नोकरी करतो, पण हात अजून ओळखतो. बकुळफुल यांनी विचारलंय किंमत वाढते तसं काय वाढतं, तर जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

हिल्सच्या चपलेत टाच आणि चवडा यांच्यामधला भाग अधांतरी असतो, पुलासारखा. माणसाचं वजन त्या पुलावर पडतं. तो वाकू नये म्हणून आत पोलादी पट्टी बसवतात, तिला शँक म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून स्वस्त मालात पहिली काटछाट तिथेच होते. पट्टी पातळ घालतात, कधी नुसता पुठ्ठा. ओळखायचं कसं? चप्पल हातात घ्या, एक हात टाचेशी, एक टोकाशी, आणि वाकवून बघा. ती चवड्यापाशीच वाकली पाहिजे. मधोमध वाकली तर परत ठेवून द्या.

दुसरी काटछाट टाचेच्या बसवणीत. चांगल्या कामात टाच आतून स्क्रूने आवळतात आणि भोवती खिळे मारतात. घाईच्या कामात गोंद आणि दोन खिळे. केतकीवन यांनी पायरीवर बसून जे पाहिलं ते हेच. टाच मुठीत धरून हलकेच पिळा. जरा जरी हलली किंवा करकरली तर नको. मग जोडी काउंटरच्या काचेवर ठेवा आणि वाकून मागून बघा. दोन्ही टाचा सरळ उभ्या हव्यात. एका बोटाने टेकवलं की डुगडुगत असेल तर फर्म्यावरच, म्हणजे चप्पल ज्या साच्यावर बनते त्यावरच, तिरकी बसली आहे, ती पुढे कधीच सरळ होत नाही.

टाचेच्या टोकाला छोटी चकती असते. कडक प्लास्टिकची असेल तर लादीवर घसरते आणि टकटक वाजते. रबरासारखी असेल तर पकड घेते. झिजली की कोपऱ्यावरचा कारागीरही पाच मिनिटांत बदलून देतो, पण ती बदलता येईल अशी आहे ना, ते दुकानातच विचारा.

आता लेदर. लेदर चार-सहा वेळा घातलं की पावलाचा आकार घेतं. रेक्झिन घेत नाही, ते जिथे चावतं तिथे चावतच राहतं आणि दोन पावसाळ्यांनी घडीवर सोलपटतं. पण तुम्ही ती जोडी वर्षातून दोनदा घालणार असाल तर लेदरने आकार घ्यायला वेळच मिळणार नाही.

म्हणून माझ्या हिशेबाने दोन ते तीन हजारांत पूल आणि टाच दोन्ही मजबूत मिळायला हवीत. त्याच्या वर जे जातं ते लेदर, नाव आणि मॉलचं भाडं. रस्त्यावर मिळतं ते सगळं वाईट असंही समजू नका. कारागीर पुष्कळदा तोच असतो. त्याच्या हातात जे साहित्य आणि जेवढा वेळ दिला जातो, तशी चप्पल होते.

केतकीवन

आरी_आणि_दाभण, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं त्या चपला बनवणाऱ्याला मनात बोल लावत होते.

हिशेबनीस

दोन ते तीन हजारांच्या मधेच कराची रेघ आहे, ती लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडीमागे २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग जोडीवर १८ टक्के. करापूर्वीची किंमत २,४०० असेल तर बिल २,५२० होतं. २,६०० असेल तर ३,०६८. म्हणजे चपलेत दोनशेचा फरक आणि खिशाला ५४८ चा. रेघेच्या जरा वर असलेल्या जोडीवर थोडी सूट मागून बघा. ती रेघेखाली आली तर करही उतरतो.

खाडीकिनारा

मी महागातल्याच बाजूने होते, आता नाही, त्याचं कारण सांगते.

माझ्या लग्नात साडेपाच हजारांच्या हिल्स घेतल्या होत्या. दोनदा घातल्या आणि मलमलच्या पिशवीत घालून, डब्यात ठेवून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपल्या. चार वर्षांनी नणंदेच्या लग्नाला काढल्या. वरून नव्यासारख्या. हॉलच्या दारातून आत दहा पावलं टाकली तर मागे काळ्या भुग्याची रेघ. सोल शेवेसारखा कुस्करून पडत होता. नंतर कळलं की पीयू नावाच्या सोलला दमट हवेतलं पाणी आतून खातं, आणि न वापरता बंद डब्यात ठेवलं तरी ते थांबत नाही. आमच्याकडे नवी मुंबईत हवेत ओल केवढी! जपून ठेवलं म्हणून टिकेल असं मी धरून चालले होते.

त्यामुळे "महाग घे, दहा वर्षं पुरेल" हा हिशेब मला हिल्सला लावावासा वाटत नाही. वापरणार असाल तरच महाग घ्या. आणि घेताना सोल कशाचा आहे ते विचारा. रबराचा किंवा टीपीआरचा, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचा, असा भुगा होत नाही.

रोजची_आठ_चौदा

माझं मत मागे घेते. वजन पेलायचं कशाने, हा विचारच केला नव्हता.

राइनकाठ

कोलोनहून. इथे जुन्या गावात दगडी फरशीचे रस्ते आहेत, पेन्सिल हिल फटीत अडकते. गवतावर तर रुतणारच, कारण सगळा भार नखाएवढ्या टोकावर येतो. बकुळफुल, लॉन्स म्हटल्यावर ती सोनेरी जोडी बादच. ब्लॉक किंवा वेज, म्हणजे टाचेपासून चवड्यापर्यंत सलग भरीव तळ. पेन्सिल हिलवर फारच जीव जडला असेल तर टाचेला लावायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, पण चार तासांत एखादी गवतात राहून जाते, हे अनुभवाने सांगते.

माझी एक जोडी महागातली आहे, अकरा वर्षं झाली. पण ती मी महिन्यातून तीनदा तरी घालते आणि तिच्या चकत्या किती वेळा बदलल्या त्याची मोजदाद नाही. तिच्यावर घातलेले पैसे मला कधी जड वाटले नाहीत.

पंचगंगा

हिल्स नकोत असं मी म्हणत नाही, एक दुसरी जोडी सोबत ठेव एवढंच सांगते. फोटो संपले की शेवटचा तास सपाट चपलेत काढ. माझं मत कोल्हापुरीला, मी तिथलीच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकातले चार जिल्हे मिळून २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा इथे केवढी चर्चा झाली! आपल्या माणसांनीही ती जोडी रेशमी साडीखाली मानाने घालावी असं मला मनापासून वाटतं. फक्त नवी कोल्हापुरी थेट लग्नाला नेऊ नकोस. आधी आठ-दहा दिवस घरात घाल, तेल लाव, म्हणजे अंगठा चावणार नाही.

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्याकडे ख्रिस्ती लग्नांच्या रिसेप्शनला बँड असतो आणि पाहुणे रात्री उशिरापर्यंत नाचतात. बायका हिल्समध्ये. माझ्या शेजारच्या आंटी साठीच्या आहेत, अजून शेवटच्या गाण्यापर्यंत फ्लोअरवर असतात. त्यांना मी एकदा विचारलं, कसं जमतं? त्यांनी पाय पुढे करून दाखवला. घोट्याभोवती बकलचा पट्टा. नुसतं इलॅस्टिक नाही, बकल, म्हणजे रात्री पाय सुजला की एक भोक सैल करता येतं. आणि नवीन सोलवर त्या पॉलिश पेपर फिरवतात, गुळगुळीतपणा जाईपर्यंत. दोन्ही गोष्टींना मिळून दहा रुपये लागत नाहीत, पण पट्टा घेतानाच बघावा लागतो.

केतकीवन

आणि बकुळ, साडी नेसताना हिल्स पायात घालूनच नेस. परकरही त्या उंचीचा शिव. आधी नेसून मग हिल्स घातल्या तर साडी घोट्याच्या वर जाते आणि चार तास तीच खाली ओढत बसावं लागतं.

बकुळफुल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल घेतल्या!

वर्तमानपत्रावर आईने माझी पावलं काढून दिली. लक्ष्मी रोडला सात वाजता गेले. आधी बघितलेली २,३०० ची जोडी कागदावर ठेवली तर करंगळीच्या बाजूने माझी रेषा सरळ बाहेर. दुकानातले काका कागद बघत राहिले, मग काही न बोलता आत गेले आणि चार डबे घेऊन आले. तिसरी जोडी कागदावर नीट बसली. वाकवली, चवड्यापाशी वाकली. टाच पिळली, हलली नाही. काचेवर ठेवून मागून पाहिली. ब्लॉक हिल सव्वातीन इंच, पुढे पाऊण इंच प्लॅटफॉर्म, घोट्याला बकल, रंग जुन्या सोन्याचा. बिल २,४९० झालं.

घराजवळच्या कारागिराकडून सोलला खालून रबर लावून घेतलं, २५०. चवड्याखालच्या जेलच्या गाद्या १८०. म्हणजे सगळे मिळून २,९२०. मी स्वतःला तीन हजारांची रेघ घालून दिली होती.

आज त्या घालून पोळ्या केल्या. ओट्याशी पाऊण तास उभी होते. डाव्या टाचेच्या मागे जरा घासतंय.

पाऊलवाट

उत्तम. घासतंय तिथे त्या दिवशी आधीच सर्जिकल टेप लाव, फोड यायची वाट पाहू नकोस. तोवर रोज अर्धा तास घाल.

बकुळफुल

लग्न झालं! आठवडा झाला, आज जरा श्वास घेतेय.

सातपासून पावणेअकरापर्यंत उभी होते. पहिले दोन तास पायांची आठवणसुद्धा आली नाही. तिसऱ्या तासाला चवडे बोलायला लागले, तेव्हा बकल एक भोक सैल केलं. सव्वादहाला कोल्हापुरी चढवली. वहिनीच्या मैत्रिणींच्या दोन पेन्सिल हिल्स गवतात रुतल्या, एकीला चपला हातात घेऊन स्टेजवर चढावं लागलं. फोटो आले आहेत. मी भावाच्या खांद्याला लागते आहे, आणि ताठ उभी आहे.

आता मुख्य गोष्ट. काल आई माझ्या हिल्स हातात घेऊन बसली होती. उलटून सुलटून बघितल्या, वाकवून बघितल्या. मग म्हणाली, "माझ्या मापात मिळेल का गं असं काही? एवढी उंच नको." तिने स्वतःसाठी चप्पल मागितलेली मी पहिल्यांदा ऐकली.

लगेच कागद पसरला, तिला उभं केलं आणि पावलं काढली. पेन्सिल अंगठ्याजवळ आली तर रेषा बाहेरच्या बाहेर गेली. तिथे हाड चांगलं अर्धा इंच पुढे आलंय. गेली कित्येक वर्षं ती अरुंद चपलेत पाय कोंबून चालते आहे आणि मला ते कागदावर दिसलं. वय ६१, गुडघेही थोडे दुखतात. किंमत कितीही चालेल. काय घेऊ?

पाऊलवाट

टाच एक ते दीड इंचाच्या आत, रुंद. पुढे गोल किंवा चौकोनी टोक, हाडावरून शिवण जाता कामा नये, मागे पट्टा हवा. आणि एकदा तिचे पाय कुणाला तरी दाखवून घे, नुसत्या चपलेवर सोडू नकोस.

आरी_आणि_दाभण

तयार मालात हे माप सहसा बसत नाही, फर्मा रुंद लागेल. कागदावर पट्टी ठेवून फोटो टाका, दोन्ही पावलांचा. मी रविवारी काकांकडे जातोय, त्यांना दाखवतो.

बकुळफुल

टाकते. पट्टी शोधतेय.